व्हायोलिन रिपेअर, सोलापूर: बोर्ड नसलेलं दुकान, ५ महिने आणि ६,८०० रुपये

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते वाचून निघतील. ब्रिज (तारांखालची उभी लाकडी घोडी) पडलाय, सांधा उघडलाय, खुंटी धरत नाही, आतून काहीतरी खुळखुळतंय, यातलं काहीही असेल तर व्हायोलिन लगेच पुण्या-मुंबईला पार्सल करू नका. विजापूर वेशीकडं आतल्या गल्लीत हार्मोनियम-तबला दुरुस्त करणारे एक वयस्कर चाचा आहेत, ते व्हायोलिनचं काम करतात आणि फार नीट करतात. दुकानाला बोर्ड नाही. बाहेर दोरीवर तबल्याच्या वाद्या लटकत असतात तीच खूण, आणि "पेटीवाले चाचा" म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. फोन नंबर मागू नका, ते उचलतच नाहीत.

आता लांबण.

व्हायोलिन आमच्या अप्पांचं. ते लक्ष्मी-विष्णू मिलमधे होते आणि गणपतीत मेळ्यांना, लग्नसराईत ऑर्केस्ट्राला वाजवायचे. रेडिओवर प्रभाकर जोगांचं व्हायोलिन लागलं की जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहायचा. मिल बंद पडली, मग वाजवणंही सुटलं, आणि काळ्या पेटीतलं ते व्हायोलिन जे माळ्यावर गेलं ते पत्र्याखाली वीसेक उन्हाळे तसंच. आपला उन्हाळा म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, एप्रिल-मेमधे ४३-४४, माणूस वाळतो तिथं लाकडाचं काय.

मी ४६ व्या वर्षी क्लास लावला (हसा). माळ्यावरचं तेव्हा डोक्यातच नव्हतं म्हणून ऑनलाइन साडेपाच हजाराचा सेट मागवला, पेटी, बो (वाजवायचा गज), रोझिन (गजाच्या केसांना घासायची राळ) सगळं आत. कंपनीचं नाव घेत नाही. त्याचा ब्रिज जवळजवळ सपाट, त्यामुळं एक तार वाजवायला गेलं की शेजारचीपण वाजायची, सर म्हणाले बाई एवढा शेजारधर्म पाळायची गरज नाही. खुंटी लावून हात काढला की कुर्रर्र करून मागं. आणि व्हायोलिनच्या काठानं जी काळी दुहेरी रेघ असते ना, ती खरं म्हणजे बारीक खोबण कोरून त्यात काळी-पांढरी-काळी अशी लाकडाची पट्टी बसवलेली असते, काठाला चीर गेली तर ती तिथंच थांबावी म्हणून. माझ्या सेटवर ती रेघ चक्क रंगानं ओढलेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, चाचांनी नखानं खरवडून दाखवलं.

मग दिवाळीच्या साफसफाईत अप्पांची पेटी खाली आली. आतेभावानं मोबाईलचा टॉर्च मारून त्या एफसारख्या भोकातून आत बघितलं तर कागदाचं लेबल: अँटोनियस स्ट्रॅडिवेरियस, क्रेमोना, साल सतराशे आणि पुढचे आकडे पुसट. झालं, जगात सगळ्यात नावाजलेल्या व्हायोलिन-कारागिराचं नाव. त्यानं तिथल्या तिथं मोबाईलवर शोधून सांगितलं की २०११ साली 'लेडी ब्लंट' नावाचं स्ट्रॅडिवारी १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं. दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. ज्या बहिणीनं "तो कचरा टाकून दे" म्हणलं होतं तिचा नागपूरहून फोन, नीट ठेवलंयस ना गं?

चाचांनी दाताच्या डॉक्टरांकडं असतो तसला छोटा आरसा आत घातला, बारका बल्ब सोडला, आणि मलाच म्हणाले, "ताई, खालची ओळ वाचा की." खाली बारीक अक्षरात मेड इन जर्मनी.

"क्रेमोना इटलीत हाय ना वो? मग हे गृहस्थ जर्मनीत कशाला गेलते?"

मी नंतर वाचलं ते असं. स्ट्रॅडिवारी १७३७ साली वारला, साधारण अकराशे वाद्यं त्यानं केली असं मानतात, त्यातली साडेसहाशेच्या आसपास उरलीत आणि ती कुठं कुठं आहेत याची नीट नोंद असते. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत मार्कनॉयकिर्शेनच्या बाजूला व्हायोलिनं हजारांनी व्हायला लागली, एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्या घरात डबा, तिसरीकडं जोडणी, आणि आतल्या लेबलावर नाव बिनधास्त स्ट्रॅडिवारीचं. म्हणजे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एका घरात कांड्या भरतात आणि दुसऱ्या घरात माग चालतो तसं. चाचांना हा इतिहास वगैरे माहीत नाही, पण त्यांनी असली लेबलं ढिगानं बघितलीत. ते म्हणाले बाहेरगावी कुठलीबी चादर सोलापुरी म्हणून खपवतात का नाय, तसंच हे. लेबल बघू नका, सांधे बघा. आणि मग त्यांनी व्हायोलिन उलटं करून मागची फळी दाखवली, मेपलची, उजेडात धरली की वाघाच्या पट्ट्यासारखे पट्टे हलतात. "लाकूड एक नंबर हाय. मजुरी घाईत केलेली हाय. पण हातानं केलेली हाय." एवढं ऐकून मला कोटी गेल्याचं विशेष वाटलं नाही, आतेभावाला वाटलं.

चाचा मूळचे इथलेच, पण लहानपणी मिरजेला मामांकडं तंबोऱ्याच्या कामाला होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा त्यांना आनंद आहे आणि थोडा रागपण आहे, कारण तंबोऱ्याचे भोपळे जातात आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. भोपळा आमच्या जिल्ह्याचा आणि नाव मिरजेचं, हे त्यांनी मला तीन वेळा ऐकवलं. व्हायोलिन मात्र त्यांना कुणी शिकवलं नाही. जुनी मोडकी घेऊन उघडायची, आत काय आहे बघायचं, असं करत शिकले.

उघडायची म्हणजे खरंच उघडायची. मला वाटायचं व्हायोलिन उघडलं की संपलं. पण ते सरसानं चिकटवलेलं असतं, जनावराच्या कातड्यापासून करतात तो सरस, आणि तो ओल-उष्णतेनं सुटतो, म्हणून तर शंभर वर्षांचं वाद्य परत परत दुरुस्त होतं. सरसाचा अजून एक गुण म्हणजे लाकूड आकसलं की आधी सांधा सोडतो आणि फळी वाचते. आमच्या व्हायोलिनवर मात्र पूर्वी कुणीतरी (अप्पांनी एका दुकानात दिलं होतं, कुठल्या ते जाऊदे) एका बाजूला सुताराचा पांढरा गोंद लावून ठेवलेला. तो सोडत नाही, त्यामुळं उन्हाळ्यात सांध्याऐवजी वरची फळीच चिरली. हा गोंद बघितल्यावर चाचांनी जे काही म्हणलं ते इथं लिहिता येणार नाही.

मी हट्टानं उघडताना बसले होते. पातळ सुरी घेऊन कडेकडेनं, इंच-इंच, मधेच टक् असा आवाज यायचा आणि माझ्या पोटात गोळा. पाऊण तासानं वरची फळी पुस्तकासारखी बाजूला झाली. आत धुळीचे गोळे, पडलेला साउंड पोस्ट (आतली उभी काडी, पुढं सांगते), आणि सात-आठ जोंधळ्याचे दाणे. चाचा हसायलाच लागले. व्हायोलिनच्या आतली धूळ काढायला भोकातून मूठभर कोरडे तांदूळ टाकून हलवायचे आणि परत ओतायचे ही जुनी युक्ती आहे, पण सोलापूरचा माणूस तांदूळ कशाला वाया घालवेल, ज्वारी टाकली. अप्पा रविवारी ओट्यावर बसून व्हायोलिन खुळखुळवायचे हे मला तेव्हा आठवलं, आम्ही समजायचो खेळतायत. ते दाणे मी डबीत ठेवलेत.

काम काय काय झालं: चीर सरसानं बंद करून आतून चिंचोक्याएवढ्या लाकडाच्या टिकल्या चिकटवल्या, बाजूचे दोन सांधे परत बसवले, चार खुंट्या शिसवीच्या नवीन, ब्रिज नवीन, साउंड पोस्ट नवीन. खुंट्यांना खडू आणि साबण लावतात हे पहिल्यांदा बघितलं, खडूनं धरते, साबणानं फिरते. सरस पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा, उकळू द्यायचा नाही, ताकद जाते. वास भयानक. आपल्या जबाबदारीवर बसा.

ब्रिजबद्दल जरा सांगते कारण इथंच सगळे फसतात. विकत मिळतो तो ब्रिज तयार नसतो, नुसता ठोकळा असतो. त्याचे पाय फळीच्या उंचवट्याला केसाचीसुद्धा फट न ठेवता टेकले पाहिजेत, म्हणून चाचा फळीवर कार्बन पेपर ठेवून त्यावर ब्रिज घासतात, जिथं काळं लागेल तिथं तासतात, परत ठेवतात, परत तासतात, असं त्यांनी माझ्यासमोर चाळीसेक वेळा केलं. चार तारा मिळून वीस किलोच्या वर ताण येतो, त्याचा खाली येणारा दाब या दोन पायांवर. नवीन व्हायोलिनवाल्यांनो, तुमचा सेट वाईट वाजत असेल तर आधी हे करून घ्या, माझ्या त्या ऑनलाइनच्याचाही ब्रिज चाचांनी ४०० रुपयांत नीट केला आणि ते आता भाची वाजवते, इतकं काही वाईट नाही.

साउंड पोस्ट म्हणजे आत उभी असलेली पेन्सिलीएवढी काडी, ब्रिजच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागं. चिकटवलेली नसते, नुसती दाबून उभी. इटलीत तिला 'आनिमा' म्हणजे जीव म्हणतात, चाचा नुसतं 'दांडी' म्हणतात. वाकड्या सळीनं भोकातून आत घालून उभी करायची आणि मग एखादा मिलिमीटर इकडं-तिकडं. मी वाजवायचं, त्यांनी ऐकायचं. चाचांना एका कानानं कमी येतं हे मला नंतर कळलं. मी विचारलं मग ऐकता कसं, तर ते हाताचा तळवा मागच्या फळीवर ठेवतात.

त्यांनी मला दोन गोष्टींवरून झापलं तेही ऐका. एक, मींड सरकावी म्हणून बोटाला खोबरेल लावतो आपण, ते मी इतकं लावायचे की बोटं फिरतात त्या पट्टीवर चिकट थर होता आणि बोच्या केसांनाही लागलं होतं, केसाला तेल लागलं की रोझिन धरत नाही. थेंबभर लावा म्हणाले, डोक्याला लावल्यासारखं नको. दोन, आपण खाली बसून वाजवतो, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवतो, मग पायाचा धक्का खुंटीला लागून सूर उतरतो आणि दोष व्हायोलिनला. खुंट्या त्यांनी त्या हिशोबानं थोड्या आखूड ठेवल्या. असं कोण विचार करतं? शिवाय कूलरसमोर ठेवायचं नाही आणि उन्हात गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही, सरस सुटतो.

त्यांनी स्वतः केलेलं एक नवीन व्हायोलिनपण आहे, विकायला. दीड वर्ष लागलं म्हणाले. स्प्रूस आणि मेपल बाहेरून मागवलेलं, वरची फळी ठोकळ्यातून कोरून तीनेक मिलिमीटरपर्यंत आणलेली, काठाची पट्टी खरी, कोपऱ्यात दोन ठिकाणी जोड दिसतो. मी वाजवलं. वरच्या दोन तारा फार गोड, भरून येतो आवाज. खर्जाची तार मला जरा कोंदट वाटली, तसं बोलले, त्यांनी वाद घातला नाही, "हां, मधे जाड राहिली थोडी" म्हणाले. ४५ हजार सांगितले. मी घेतलं नाही, ऐपतही नाही आणि अप्पांचं आहे. पण नाव नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगते, २०१० मधे अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाले लावतात तसले गॉगल चढवून त्यांना तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती, सगळ्यात जास्त पसंती नव्याला मिळाली आणि सगळ्यात कमी एका स्ट्रॅडिवारीला.

तक्रारी आहेत. "पंधरा दिवसात देतो" चे ५ महिने झाले. मधे गड्ड्याची जत्रा आली तेव्हा जवळजवळ महिना दुकान बंद. एकदा तर माझं व्हायोलिन उघडं, फळी एका खिळ्याला, डबा दुसऱ्या खिळ्याला आणि चाचा पत्ता नाही, शेजारचा पानवाला म्हणतो लग्नाला गेलेत गुलबर्ग्याला. मी घरी येऊन रडले. पावती मिळत नाही, ऑनलाइन पेमेंट मुलगा दुकानात असला तरच. आणि वॉर्निशचं काम त्यांना जमत नाही असं माझं मत, चिरेच्या जागी रंग थोडा लालसर झालाय, मूळ मधासारखा पिवळट होता. उजेडात कळतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले वाजवताना कोण बघतंय.

आवाज आता कसा आहे? सरांनी सा-प-सा-प लावलं, एक लांब बो ओढला आणि माझ्याकडं परत द्यायच्या आधी यमनची अख्खी आलापी वाजवून घेतली. क्लासमधल्या दोघांनी पत्ता घेतला. मी वाजवलं की अजून मांजरच, तो दोष माझा.

फक्त बोचे केस राहिलेत बदलायचे. घोड्याच्या शेपटीचा चांगला पांढरा केस यायचाय, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले चाचा, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जाऊन बघेन.