मेंदीने लालभडक झालेल्या केसांवर इंडिगो पावडर: चांगली वस्तू, अपुऱ्या सूचना

पांढऱ्या केसांवर घरी लावलेली मेंदी लालभडक, कधी तर चक्क केशरी चढते, ही तक्रार बहुतेक घरांत ऐकू येते. काळ्या केसांवर मेंदीची केवळ झाक दिसते. परंतु माझ्या आईसारखे केस जवळजवळ पूर्ण पिकलेले असतील, तर मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य झाकायला खाली काहीच उरत नाही आणि ते आहे तसे, तांबूस-केशरी दिसते. हा लालपणा उतरवण्यासाठी आम्ही पुण्यात मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून इंडिगो पावडर, म्हणजे नीलिनीच्या पानांचे चूर्ण, आणले. चूर्ण उत्तम निघाले. त्याच्या पाकिटावरील सूचनांविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

आधी चूर्णाविषयी. ते मैद्यासारखे बारीक दळलेले, हिरवेगार आणि ताज्या पालेभाजीसारख्या वासाचे होते. जुने किंवा हवा लागलेले इंडिगो करड्या-तपकिरी रंगाकडे झुकते आणि त्याचा रंग नीट चढत नाही, म्हणून पाकीट फोडल्यावर प्रथम रंग आणि वास पाहावा. कपड्यांना घालायची नीळ ही सर्वस्वी वेगळी वस्तू असून ती केसांना कदापि लावू नये, हेही येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

पाकिटावर हे चूर्ण मेंदीबरोबर लिंबाच्या रसात रात्रभर भिजवावे असे छापले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप यालाच आहे. आंबट पदार्थ आणि रात्रभराचा वेळ मेंदीला मानवतो. इंडिगोला दोन्ही मारक आहेत. ते साध्या कोमट पाण्यात, दह्यासारखे दाट, आयत्या वेळी कालवावे लागते. दहा-पंधरा मिनिटांत वरच्या थराला निळसर काळपट छटा येऊ लागली की लगेच लावावे, कारण त्यानंतर त्याची रंग देण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. चिमूटभर मीठ घातले तर चालते. लिंबू, दही किंवा चहाचे पाणी घालू नये. एवढी साधी गोष्ट उत्पादकाने पाकिटावर नीट छापली असती, तर कितीतरी जणींचे पैसे आणि अख्खी दुपार वाया गेली नसती.

आम्ही आईचे केस शाम्पूने धुऊन तेलाचा अंशही ठेवला नाही आणि ओलसर केसांवरच, हातमोजे घालून, मुळांपासून टोकांपर्यंत लेप दिला. वरून प्लॅस्टिकची टोपी घातली, कारण लेप वाळला की काम थांबते. साधारण अर्ध्या तासात केशरी रंग तपकिरीकडे वळतो. दीड-दोन तास ठेवल्यास तो गडद तपकिरी, जवळजवळ काळा होतो. आईला काळेभोर केस नको होते, म्हणून मधूनमधून एक बट धुऊन पाहत आम्ही तासाभराने थांबलो. केस नुसत्या पाण्याने धुतल्यावर त्यांवर हिरवट झाक दिसली. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही: हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन इंडिगोचा खरा रंग उमलायला एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर शाम्पू टाळावा लागतो. दोन दिवसांनी आईचे केस ऊबदार, गडद तपकिरी झाले होते. उन्हात तांबूस झाक दिसते, पण ती शोभते.

बाजारात याच कामासाठी ‘काळी मेंदी’ही मिळते आणि ती अर्थातच अधिक सोपी पडते. परंतु तशा अनेक पाकिटांत पॅराफेनिलिनडायमाइन हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. घटकांच्या यादीत फक्त नीलिनीचे, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरियाचे, नाव असलेले पाकीट मला म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटते. अर्थात वनस्पतीचीही ॲलर्जी होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून दोन दिवस वाट पाहिल्याशिवाय डोक्याला काहीही लावू नये.

मर्यादाही आहेत. नव्याने उगवलेल्या पांढऱ्या मुळांवर नुसते इंडिगो लावले तर ती निळसर-हिरवी दिसू शकतात, त्यामुळे तिथे आधी मेंदी आणि मग इंडिगो हा क्रम चुकवता येत नाही. इंडिगो मेंदीपेक्षा लवकर फिके पडते, म्हणून काही आठवड्यांनी लाली पुन्हा डोकावते. पुढे कधी पार्लरमध्ये केस ब्लीच करण्याचा विचार असेल, तर हे चूर्ण लावूच नये: इंडिगोवर ब्लीच केल्यास केस हिरवे होऊ शकतात आणि तो हिरवेपणा काढणे फार अवघड असते. ज्यांना मेंदीच कायम ठेवायची आहे आणि फक्त तिचा भडकपणा नको आहे, त्यांनी ही पावडर जरूर घ्यावी. मात्र उघडलेले पाकीट दमट हवेत लवकर खराब होते, म्हणून मोठ्या पिशवीऐवजी शंभर ग्रॅमचे सीलबंद पाकीट घेतलेले बरे.