सिंगापूरमधला मणीकामाचा क्लास: तीन तास, एक पान, तेही अर्धं

आधीच सांगते, तीन तासात मण्यांच्या चपला शिवून पिशवीत घालून घरी आणू अशा आशेने कोणी जाणार असाल तर राहू द्या. मी तशीच गेले होते. जू चियाट भागात, रंगीत टाइल्सची जुनी दुमजली घरं आहेत ना, त्यातल्याच एकात वरच्या मजल्यावर हा क्लास चालतो. नाव लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार आहे आणि शिकवणाऱ्या बाईंचा त्यात काही दोष नाही.

या चपला पेरानाकान लोकांच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मलाक्का, पेनांग, सिंगापूर या बंदरांत व्यापाराला आलेले परदेशी आणि इथल्या बायका यांची पुढची पिढी म्हणजे पेरानाकान, शब्दातच 'अनाक' म्हणजे मूल आहे. बहुतेक जण चिनी वंशाचे, पुरुष बाबा आणि बायका न्योन्या, पण मलाक्कातले चिट्टी हे तमिळ हिंदू, तेही पेरानाकानच, हे मला क्लासमधेच कळलं. आणि या चपलांना म्हणतात कासुत मानेक. कासुत म्हणजे जोडा आणि मानेक म्हणजे मणी, ऐकताच कळतं की नाही?

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आसपासच्या, सगळे त्यांना बिबिक म्हणत होते, वयस्कर न्योन्याला आदराने असंच म्हणतात म्हणून मीही बिबिकच म्हटलं. अंगात फिकट हिरवा केबाया, म्हणजे न्योन्यांचा ब्लाउज, त्याला बटणं नाहीत, समोर तीन ब्रोच लावून बंद केलेला, त्या सेटला केरोसांग म्हणतात. मी टक लावून बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं तर त्यांनी सरळ वाकून जवळून दाखवला.

आता काम. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवलेलं असतं, त्यावर डिझाइनमधले चौकोन मोजत एकेक मणी तिरक्या टाक्याने बसवायचा. एक मणी, एक टाका. ओळच्या ओळ ओवून लावून टाकली असं काही नाही. मणी मोहरीहून बारीक आणि त्यातले पैलू पाडलेले असतात ते उजेडात चमकतात, बिबिक म्हणाल्या जुन्या काळी युरोपातून यायचे ते याहून बारीक. सुई इतकी बारीक की दोरा ओवायलाच माझी पाच मिनिटं गेली, शेजारची मुलगी तिसऱ्या ओळीवर आणि मी अजून जिभेने दोऱ्याचं टोक ओलं करतेय. पण एकदा हात बसला की मजा येते, खरंच, डोकं एकदम शांत होतं, फक्त मान धरते. वरचा भाग असा भरून झाला की मग तो चांभाराकडे जातो, तो तळ आणि टाच लावतो. पूर्ण जोडीला महिने लागतात, त्यामुळे दुकानात हाताने केलेल्या चपलांची किंमत काहीशे डॉलर बघून मी आधी जी नाकं मुरडली होती ती परत घेतली.

आता तक्रार. किटचे पैसे वेगळे घेतात आणि ते बुकिंग करताना कुठेही नीट लिहिलेलं नाही. बरं दिले. पण माझ्या डबीत दोन जवळजवळच्या गुलाबी शेड मिसळल्या होत्या आणि पिवळट ट्यूबलाइटखाली ते कळलंच नाही, पाकळीच्या अकरा ओळी झाल्यावर खिडकीशी नेऊन बघितलं तर मधेच फिकट ठिपके, जसं काही पाकळीला कीड लागलीये. बिबिकने काही न बोलता चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि टाके उसवायला बसल्या, माझ्या तासाभराच्या कामाला त्यांना दहा मिनिटं. पाकळी रद्द, मग मला पान दिलं. आठ जणांना एक शिक्षिका म्हणजे तसंही कमीच, त्यात त्या माझंच उसवत बसलेल्या, बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

पण उसवता उसवता त्या लग्नाबद्दल बोलत होत्या आणि खरं सांगू, पैसे त्यातच वसूल झाले. जुनं पेरानाकान लग्न बारा दिवस चालायचं. नवरीने सासरच्यांसाठी स्वतः मणीकाम करून न्यायचं, आणि त्या टाक्यांवरून सासू सुनेची पारख करायची (माझी पाकळी बघून कोणी काय पारख केली असती तो विषय नको). लग्नाआधी च्यू थाऊ म्हणून केस विंचरायचा विधी, पांढरे कपडे घालून, तांदळाच्या मापावर बसवून. आपल्याकडे नवरी माप ओलांडते, इथे मापावर बसवतात, हे ऐकून मी सुई खाली ठेवली. आणि लग्नाच्या पलंगाखाली कोंबडा आणि कोंबडी सोडायचे, आधी कोंबडा बाहेर आला तर पहिला मुलगा, कोंबडी आली तर मुलगी. मी विचारलं दोघंही आतच बसून राहिले तर? बिबिक इतक्या हसल्या की दोरा तुटला.

मधे चहाबरोबर ओंदे-ओंदे दिले, हिरवे गोळे, बाहेर खोबरं, आत पातळ गूळ, चावलं की तोंडात फुटतो. उकडीच्या मोदकाचे चुलत भाऊ म्हणा. एक घास करायचा, अर्धा चावलात तर गूळ सरळ कामावर, एकीचं झालंच.

दुसऱ्या दिवशी आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियमला गेले. १९१२ सालची शाळेची इमारत आहे, दुरुस्तीसाठी बंद होतं ते २०२३ मधे परत उघडलं. तिथे कोरीवकामाने मढवलेला पेनांगचा लग्नाचा पलंग आहे, ज्या बाईचा होता तिची अकरापैकी पहिली सात मुलं त्याच पलंगावर जन्मली. मी आधी वाकून पलंगाखाली बघितलं. पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ते मण्यांच्या टेबलक्लॉथसमोर, तोही पेनांगचाच, पक्षी आणि फुलांनी भरलेला, दहा लाखांहून जास्त मणी. माझे तीन तासात जेमतेम दोनशे झाले होते. मनातल्या मनात हिशेब केला, माझ्या स्पीडने पंधरा हजार तास, म्हणजे रोज आठ तास बसले तरी पाच वर्षं, आणि ते उसवणं न धरता. क्लास न करता आधी इथे आले असते तर छान आहे म्हणून फोटो काढून दोन मिनिटात पुढे गेले असते, म्हणून क्रम हाच ठेवा, आधी क्लास मग म्युझियम.

जाणार असाल तर सकाळची बॅच घ्या आणि खिडकीजवळची जागा पकडा, चष्मा असेल तर जवळचाच न्या, आणि बसायच्या आधी डबीतले मणी तळहातावर घेऊन उजेडात बघा. पाचपैकी साडेतीन. बिबिकला पाच, किटला दोन, आणि ओंदे-ओंदे अजून दोन मिळाले असते तर मी चार दिले असते.