फोन घ्यायचाय: लेबल बघून घ्यायचा की डिजिटल पासपोर्टची वाट बघायची?

युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनो, फोनसाठी थांबू नका, ई-बाइक असेल तर मात्र जरा विचार करा. पासपोर्टची (म्हणजे त्या-त्या वस्तूच्या माहितीची डिजिटल नोंद) पक्की तारीख पडलीय ती बॅटऱ्यांना, 18 फेब्रुवारी 2027, आणि तीही ईव्ही, ई-बाइक-स्कूटर नि 2 किलोवॅट-अवरच्या वरच्या इंडस्ट्रियल बॅटऱ्यांना, फोनची बॅटरी त्यात नाहीच.

फोनला सध्या आहे ते लेबल. 20 जून 2025 पासून ईयूत येणाऱ्या नव्या फोन-टॅबलेटवर ते असतं, रिपेअरला ए ते ई ग्रेड, पडून किती टिकतो त्याला वेगळी ग्रेड, बॅटरी किती सायकल (पूर्ण चार्ज होऊन उतरणं म्हणजे एक) चालेल तेही, आणि क्यूआर स्कॅन केला की एप्रेल (EPREL) नावाच्या ईयूच्या सरकारी डेटाबेसमध्ये सगळं उघडतं. मी तरी कॅमेऱ्याच्या आधी रिपेअरची ग्रेड बघतो, कॅमेरे आता सगळ्यांचेच बरे असतात हो. त्याच्याच जोडीच्या नियमात मॉडेलची विक्री बंद झाल्यावर 7 वर्षं स्पेअर पार्ट आणि 5 वर्षं अपडेट द्यायची सक्ती आहे, कागदावर तरी हे भारी आहे.

पण लेबल बोलतं मॉडेलबद्दल, तुमच्या हातातल्या पीसबद्दल नाही. सेकंडहँडवाल्याला नेमकं तेच हवं असतं ना, की हा पीस किती वापरलाय, आणि पासपोर्टची खरी मजा तिथेच आहे, प्रत्येक बॅटरीला स्वतःचा नंबर आणि तिची तब्येत त्याला जोडलेली, अर्थात ती माहिती सगळ्यांना खुली नसणार. म्हणून जुनी ई-बाइक घ्यायची घाई नसेल तर थांबा, पण पासपोर्ट त्या तारखेनंतर बाजारात आलेल्या बॅटऱ्यांनाच, त्यामुळे तशा ई-बाइक सेकंडहँड बाजारात यायला अजून काही वर्षं जातील. जुन्या फोनला सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, नव्या नियमातल्या मॉडेलना बॅटरी कधी बनली, पहिल्यांदा कधी वापरली, किती सायकल झाल्या हे तिथे दाखवावंच लागतं. विकणारा दाखवायला का-कू करत असेल तर सोडून द्या.

पुण्या-मुंबईत घेणाऱ्यांनाही एप्रेल फुकट बघता येतं, फक्त आपल्याकडचा व्हेरियंट वेगळा असू शकतो आणि पार्टची ती 7 वर्षांची सक्ती इथे लागू नाही. इथे जुना फोन घेताना पैसे द्यायच्या आधी इंग्रजीत KYM, स्पेस, आयएमईआय (फोनचा 15 आकडी ओळख नंबर) असा एसएमएस 14422 ला टाका, ब्लॅकलिस्टेड असेल तर कळतं.