जुळे सोलापूर की शहर? पाचवी-सातवीतली मुलं घेऊन सोलापूरला येणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

यांची बँकेतली बदली पिंपरीहून सोलापूरला झाली तेव्हा मुलगी सातवीत जाणार होती आणि मुलगा पाचवीत. घर मिळेपर्यंत आम्ही जाऊबाईंकडे मुरारजी पेठेत होतो, आता जुळे सोलापुरात, म्हणजे जुन्या शहराबाहेर वाढलेल्या नव्या वस्तीत, भाड्याने राहतो, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय. बदली झालेले लोक सारखं विचारतात कुठे घर घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी स्टार देते. जुळे सोलापूर, घर म्हणून साडेचार, या वयाच्या मुलांसाठी तीन. शहर, म्हणजे मुरारजी पेठ, रेल्वे लाईन्स, सात रस्ता, डफरीन चौक हा पट्टा, घर म्हणून तीन आणि मुलांसाठी साडेचार. नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती हा बाजाराचा भाग यात धरला नाहीये, तिथे पार्किंग सोडा, चालायला जागा मिळाली तरी नशीब.

मुलं अगदी लहान असतील तर डोळे झाकून जुळे सोलापूर घ्या. कॉलनी शांत, घराला खिडक्या मोठ्या, शहरात जेवढ्या भाड्यात दोन खोल्या आणि अंधारा जिना मिळतो तेवढ्यात इकडे बाल्कनीसकट टू बीएचके. पण दहा ते तेरा वय विचित्र असतं हो, त्यांना आई बरोबर नको असते आणि आपला जीव त्यांना एकटं सोडायला धजत नाही. तर माझ्या मते घर बघताना एवढंच बघायचं की पोरगं आपल्याशिवाय कुठंकुठं जाऊ शकतं. हॉल केवढा आहे, पीओपी आहे का, हे सगळं नंतर.

जाऊबाईंकडे असताना दोघं चालत पार्क चौकात जायचे, स्टेडियमपाशी पोरांचे खेळ बघायचे, येताना वही-पेन घेऊन यायचे. पुतण्या बरोबर असायचा पण तोही आठवीतलाच. मुलीला वाचनाचं वेड, तिला हिराचंद नेमचंद वाचनालय दाखवलं तर ती रोज जाऊ का म्हणायला लागली. क्लास, स्टेशनरी, दवाखाना, सगळं चालत. तिकडून इकडे आलो आणि मी ड्रायव्हर झाले! सकाळी शाळा, संध्याकाळी एकाचा क्लास, दुसऱ्याची मॅच, कुणाचा तरी वाढदिवस. सात रस्ता इथून चार-पाच किलोमीटर, मोठ्यांना काहीच नाही, पण मध्ये विजापूर रोड आहे. तो नुसता गावातला रस्ता नाही, विजापूरला जाणारा हायवे आहे, ट्रक, ऊस भरलेले ट्रॅक्टर, एसटी, शेअर रिक्षा, सगळं एकत्र. सोलापुरात जड वाहतुकीचा प्रश्न किती जुना आहे ते इथल्या कुणालाही विचारा. त्या रस्त्यावर बारा वर्षांच्या मुलीला सायकल देऊन मी पाठवणार नाही, कुणी कितीही म्हणू दे. एकदा संध्याकाळी तिथून जाऊन बघा म्हणजे कळेल.

आणि सिटी बसचं म्हणाल तर तिच्यावर भरवसा ठेवून घर घेऊ नका.

शाळेची रिक्षा लावली होती. रिक्षावाले काका सज्जन, वेळेचे पक्के, तक्रार काहीच नाही. पण आत सगळी केजी-पहिलीची पोरं, एकाच्या गळ्यात पाण्याची बाटली, एक रडतंय, आणि आमची लेक गुडघे दाराबाहेर काढून मधे बसलेली, मांडीवर दुसऱ्याचं दप्तर. आठवड्यात म्हणाली आई मी या रिक्षातून उतरताना मैत्रिणी बघतात. हे या वयात होतंच, हसण्यावारी नेऊ नका. शाळा घराजवळ असेल तर हा विषयच संपतो. जुळे सोलापुरात आता शाळा आहेत की, इंडियन मॉडेल इकडेच आहे, तिथे ॲडमिशन झाली आणि घर कॉलनीच्या आतल्या रस्त्यानं जोडलेलं मिळालं तर माझे तीनचे चार स्टार करून घ्या. पण जुन्या नावाजलेल्या मराठी शाळा, हरिभाई देवकरण, सेवासदन, या शहरात. तिथे घालायचं आणि राहायचं मात्र इकडे, यात मुलाचे रोजचे तास जातात.

ॲडमिशनचंच निघालं म्हणून, पाचवीला बदली झाली तर सोपं. आपल्याकडे बऱ्याच हायस्कूलांचे वर्ग पाचवीपासून सुरू होतात, वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून पोरं येतात, वर्गात निम्मे नवेच. मुलगा पहिल्याच आठवड्यात इथल्या पोरांसारखं 'काय बे' म्हणत घरी आला (पिंपरीच्या आजीला फोनवर पण बे म्हणाला, ते वेगळंच रामायण). सातवीत मात्र बाकं ठरलेली असतात, डबा कुणी कुणाबरोबर खायचा ते ठरलेलं असतं. अशा पोरीला शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे थांबता आलं पाहिजे, तिथेच ओळख होते. तिची पहिली मैत्रीण अशोक चौकाकडची, घरात तेलुगू बोलणारी, आणि तिच्याकडे जायचं म्हणजे आमच्या घरापासून गावाचं दुसरं टोक.

आता पाणी. बाहेरून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही आणि घर घेतल्यावर कळतं. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर, तिथून पाणी येतं आणि नळाला येतं काही दिवसांआड, वेळ कधी पहाटेची कधी रात्री अकराची. शहर असो की जुळे, इथं सगळे सारखेच. फरक साठवणीचा. अपार्टमेंटला जमिनीखाली मोठी टाकी असेल आणि बोअर मे महिन्यात पण चालत असेल तर टेन्शन नाही. जुन्या घरात हौद असतो, तोही चांगला, पण त्यात वाटेकरी किती ते विचारा. मुलीला आता मोटर लावता येते, पाणी आलं की ती पुस्तक घेऊन जिन्यात बसते, वरच्या टाकीचं पाणी पाइपातून गळायला लागलं की बटण बंद. शाळेतून आल्यावर घरात एकटी असली तरी हे काम होतं, मला बरं वाटतं आणि तिलाही मोठं झाल्यासारखं.

पावसाळ्यात जुळे सोलापूरचे अजून अर्धा स्टार कमी करा. हा सगळा हद्दवाढीतला भाग, 1992 मध्ये महापालिकेत आला, मुख्य रस्ते झाले पण आतल्या कॉलन्यांत अजून कुठं डांबर आहे कुठं नाही. काळी माती आहे हो इथली. एक चांगला पाऊस झाला की सायकलच्या मडगार्डमध्ये ती माती अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. मुलानं एकदा सायकल खांद्यावर टाकून आणली, चपला हातात, आणि मग ती माती काडीने उकरत बसला दिवे लागेपर्यंत.

शहराचेही अर्धा नाही, पूर्ण एक स्टार कापायला हरकत नाही, कारण डीजे. सोलापुरात जयंत्या, मिरवणुका वर्षभर, आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर खिडकीच्या काचा थरथरतात, चाचणी परीक्षा असो नाहीतर घरात आजारी माणूस असो. म्हणून तिकडे घर बघाल तर मेन रोड सोडून दोन गल्ल्या आत. पण याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा जाऊबाईंकडची पोरं चालत जाऊन बघून येतात, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, तर रोजच चक्कर. आम्ही इकडून गाडी काढायची, वळवलेले रस्ते शोधायचे, पार्किंगला फिरायचं, मग पाळणे.

उन्हाळ्याचं थोडक्यात. पारा चव्वेचाळीसला जातो, टॉप फ्लोअर कुठलाच घेऊ नका, भाडं कमी असलं तरी. जुनी धाब्याची घरं थंड असतात, पण ती आता भाड्याने मिळणं कठीण.

ब्रोकरबद्दल एक. आमच्या ब्रोकरनं (नाव नको) घर दाखवलं रविवारी भर दुपारी, बाइकवर, आणि म्हणाला शाळा पाच मिनिटं. सोलापुरात रविवारी दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं हो, पाच मिनिटंच लागणार! तुम्ही सोमवारी सकाळी शाळा भरायच्या वेळेला जा, आणि मुलाला बरोबर घेऊन चालत जा. त्यालाच विचारा एकटा जाशील का.

आम्ही पुढच्या करारात रेल्वे लाईन्सकडे बघतोय. यांना इथली बाल्कनी सोडवत नाहीये, मला बाल्कनीपेक्षा संध्याकाळचे दोन तास परत हवेत. धाकटा आठवीत गेला की परत इकडे यायला माझी ना नाही, तोवर रस्ते पण होतील बहुतेक. कुठंही घ्या, अकरा महिन्यांच्या करारात टँकर मागवावा लागला तर पैसे कुणी द्यायचे ते लिहून घ्या, आणि जिन्याखाली दोन सायकली ठेवायला मालक परवानगी देणार का तेही, कारण आमच्या मालकांनी पहिल्याच महिन्यात त्यावरून दारात उभं राहून अर्धा तास ऐकवलंय.