हिटिंग कोच बदलायचा: जुलैत की नोव्हेंबरात?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या संघात 26 खेळाडू असतात, त्यांत फलंदाज साधारण 13. धावा आटल्या म्हणून तेराही जणांना घरी बसवता येत नाही, त्यांतल्या अनेकांचे करार कोट्यवधी डॉलरचे असतात. हिटिंग कोचला, म्हणजे फलंदाजीच्या प्रशिक्षकाला, मात्र एका फोनवर मोकळं करता येतं. त्यामुळे वड्याचं तेल बहुतेक वेळा त्याच्याच वांग्यावर निघतं. तरी काही वेळा बदल खरोखर गरजेचा असतो, आणि मग प्रश्न येतो तो वेळेचा: हंगाम चालू असताना, जुलैत, करायचा की संपल्यावर, नोव्हेंबरात? दोन्ही वाटांनी गेलेल्या संघांचे दाखले ताजे आहेत.

न्यूयॉर्क यांकीजनी 9 जुलै 2023 रोजी, हंगामाच्या मध्यातल्या ऑल-स्टार सुट्टीच्या तोंडावर, हिटिंग कोच डिलन लॉसन यांना काढलं. ब्रायन कॅशमन 1998 मध्ये जनरल मॅनेजर (खेळाडू आणि कोच निवडणारे प्रमुख) झाले, तेव्हापासून चालू हंगामात त्यांनी कोच काढायची ही पहिलीच वेळ. संघ तेव्हा 49-42 (49 विजय, 42 पराभव) होता. जागी आले शॉन केसी. स्वतः नावाजलेले फलंदाज, तोवर टीव्हीवर विश्लेषण करणारे, कोचिंगचा अनुभव नाही. उरलेल्या 71 सामन्यांत 33 विजय आणि 38 पराभव, संघाची फलंदाजीची सरासरी .227 वर, म्हणजे हजार संधींत 227 हिटवर, थांबली आणि हंगाम संपल्यावर केसीही गेले. दुखणं खरं तर दुसरीकडे होतं. संघाचा मुख्य फलंदाज ॲरन जज 3 जूनला लॉस एंजेलिसमध्ये झेल घेताना कुंपणावर आदळला, पायाचं बोट दुखावलं आणि जुलैअखेरपर्यंत तो बाहेर बसला. जज नसल्याची भरपाई कुठला कोच करणार?

सिएटल मरिनर्सचं प्रकरण वरकरणी असंच आहे, पण उलगडलं वेगळं. 2024 मध्ये हा संघ स्ट्राइकआउट होण्यात, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्यात, लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. मे महिन्याच्या शेवटी त्यांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (फलंदाजीची आखणी करणारा) काढला, 22 ऑगस्टला मॅनेजर (मुख्य कोच) स्कॉट सर्व्हे आणि हिटिंग कोच जॅरेट डिहार्ट यांनाही. संघ 64-64 वर अडकला होता. बॅटिंगची सूत्रं एडगर मार्टिनेझ यांच्याकडे आली. ते हॉल ऑफ फेममधले तर आहेतच, पण 2015 ते 2018 याच संघाचे हिटिंग कोचही होते. उरलेले 34 सामने 21-13 गेले आणि प्लेऑफ (बाद फेरी) एका विजयाने हुकला. त्याहून महत्त्वाचं हिवाळ्यात घडलं. मार्टिनेझ यांना रोजच्या धबडग्यातून बाहेर काढून धोरण ठरवण्याच्या पदावर नेलं आणि हिटिंग कोच म्हणून केव्हिन साइट्झर यांना आणलं. 2025 मध्ये 90 विजय, 2001 नंतर पहिल्यांदाच विभागाचं विजेतेपद, कॅल रॅलीचे 60 होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके).

हेच साइट्झर सिएटलने घेण्याच्या महिनाभर आधी अटलांटा ब्रेव्हजनी काढले होते. त्यांच्या हाताखाली ब्रेव्हजनी 2023 मध्ये 307 होम रन मारले, मिनेसोटाच्या 2019 च्या विक्रमाची बरोबरी केली आणि 947 धावा काढल्या. पुढच्या वर्षी धावा 704 वर आल्या. त्या वर्षी मुख्य फलंदाजांपैकी अकुन्याचा गुडघा मे महिन्यात गेला, अल्बीजचं मनगट जुलैत, रायलीचा हात ऑगस्टमध्ये. बदल मात्र शिस्तीत झाला, हंगाम संपल्यावर, आणि जागी आले टिम हायर्स, ज्यांनी बॉस्टनला 2018 मध्ये आणि टेक्ससला 2023 मध्ये हिटिंग कोच म्हणून वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम विजेतेपद, जिंकलेली पाहिली होती. कागदावर याहून चांगली निवड सापडणं कठीण. 2025 मध्ये ब्रेव्हज 76-86. म्हणजे नोव्हेंबरातला बदलही काही हमी देत नाही.

मग निवड कशावरून करायची? आधी नेमकं काय बिघडलंय ते तपासा. सरासरी बघू नका, ती फार उशिरा खरं बोलते. फलंदाजाचं स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण 60 पाळ्यांत विश्वासार्ह होतं, वॉकचं (चार खराब चेंडू सोडून फुकट बेस मिळण्याचं) 120 मध्ये, पण सरासरीला 900 च्या वर पाळ्या लागतात, म्हणजे पूर्ण हंगामही अपुरा. त्यापेक्षा हे बघा. चेंडू बॅटवरून ताशी 95 मैल किंवा जास्त वेगाने सुटण्याचं प्रमाण पूर्वीसारखंच आहे आणि तरी हिट पडत नाहीत, तर बहुतेक दैव आडवं आलंय. कोणालाही काढू नका. बॅटचाच वेग उतरलाय, तर दुखापत किंवा वय. तिथे डॉक्टर नाहीतर नवा खेळाडू हवा. स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे सोडून द्यायच्या, चेंडूंमागे संघ धावतोय, तर तो विचारातला दोष आहे, आणि हा एकच दोष जुलैतला नवा कोच थोडाफार सुधारू शकतो. झोनमधले चांगले चेंडूही जमिनीवर नाहीतर सरळ आकाशात जातायत, तर दोष स्विंगमध्ये आहे. तो नोव्हेंबरचा रोग.

असं का, ते समजून घ्या. ताशी 95 मैलांचा चेंडू पिचरच्या (गोलंदाजाच्या) हातातून सुटून प्लेटवर (फलंदाजापाशी) यायला सुमारे 0.4 सेकंद लागतात. एवढ्यात फलंदाजाचं शरीर सवयीनेच चालतं. हात दोन इंच खाली आणा म्हटलं, की आधी वेळ चुकायला लागते, चेंडू मागे राहतात, आणि नवी सवय बसेपर्यंत आठवडेच्या आठवडे तो आधीपेक्षा वाईट दिसतो. 162 सामने सहा महिन्यांत संपवायचे असतात, सुट्टीचे दिवस मोजके. इतका उधार वेळ जुलैत कोणी देत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी समोर पिचर नसतो, फेब्रुवारीच्या मध्यापासून सुमारे सहा आठवडे सराव शिबिर. स्विंग दुरुस्त करायचा तो तेव्हा.

केजमधला (जाळीतला) सरावही या मर्यादेत बसवावा लागतो. वेगवान चेंडूची सवय करून द्यायला मशीन 45 फुटांवर आणून ताशी 75 मैलांनी चेंडू सोडला, तरी प्रतिक्रियेला वेळ जवळपास तेवढाच मिळतो. रोज पंधरा-वीस चेंडू पुरेत. अडचण अशी की मशीनला हात नसतो. चेंडू सुटण्याआधीचा पिचरचा खांदा आणि मनगट वाचायचा सराव त्यात होत नाही, आणि जास्त दिवस फक्त मशीनवर घालवलेला फलंदाज सामन्यात वेळ चुकवतो. ट्रॅजेक्ट आर्कसारखं मशीन पिचरचा व्हिडिओ दाखवत त्याच जागेवरून चेंडू सोडतं, ही उणीव बरीच भरून निघते, पण ते महाग आहे.

माणूस कोणता घ्यावा? लॉसन व्यावसायिक बेसबॉल न खेळलेले, मायनर लीगमधून (खालच्या दर्जाच्या संघांतून) वर आलेले तंत्रज्ञ. केसी त्याच्या अगदी उलट. दोघांनाही 2023 मध्ये यश आलं नाही, म्हणून ‘माजी खेळाडू विरुद्ध लॅपटॉपवाला’ हा वाद आम्हाला पोकळ वाटतो. फरक पडतो तो माणूस संघाला आधीपासून ओळखतो की नाही याने. मार्टिनेझ यांना सिएटलच्या थंड, जड हवेत चेंडू किती कमी उडतो हे कोणी सांगावं लागलं नाही. चालू हंगामात बाहेरचा, नवखा माणूस आणणं हा आमच्या मते सगळ्यांत वाईट पर्याय.

क्रिकेटमध्येही हे दिसतं. 2019 च्या विश्वचषकानंतर भारताचे मुख्य कोच रवी शास्त्री आणि बॉलिंग-फील्डिंगचे कोच कायम राहिले, त्यांच्यातले फक्त बॅटिंग कोच, आपले बीडचे संजय बांगर, गेले आणि विक्रम राठोड आले. निदान ते दोन स्पर्धांच्या मधल्या जागेत झालं.

जुलैतच करायचं ठरलं तर काही गोष्टी पक्क्या करा. नेमणूक ‘हंगाम संपेपर्यंत’ अशी स्पष्ट असू द्या. सहायक कोच तेच ठेवा, म्हणजे केजमधली वेळापत्रकं आणि मालिकेआधीच्या बैठका मोडत नाहीत. पहिले दहा दिवस कोणाच्याही स्विंगला हात लावायचा नाही. फक्त समोरच्या पिचरचा कुठला चेंडू शोधायचा आणि दोन स्ट्राइकनंतर काय सोडायचं, एवढंच बोलायचं.

नोव्हेंबरात करायचं असेल, तर नव्या कोचने पहिला फोन खेळाडूला करू नये. बरेच फलंदाज हिवाळ्यात स्वतःच्या खासगी कोचकडे सराव करतात. त्या माणसाला फोन करून तो काय शिकवतोय ते आधी ऐकावं. दुसरा फोन मायनर लीगच्या हिटिंग कोऑर्डिनेटरला. खालच्या संघात ‘चेंडू उचला’ आणि वर ‘जमिनीलगत मारा’ असं शिकवलं जात असेल, तर मे महिन्यात वर आलेला पोरगा पहिल्या आठवड्यातच गोंधळतो.