इंजिन उघडलंच नाही, पैसे मात्र बोअर-पिस्टनचे घेतले

मी आर्मीत आहे. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो आणि त्याच्या पडवीत पोत्याखाली झाकलेली एक मोटरसायकल असते. माणूस वर्षातून एक-दोनदा सुट्टीवर येतो, पोतं काढतो, किक मारतो आणि गाडी चालू होत नाही. सुट्टी मोजकी. लग्नं, जत्रा, बँक, तलाठी, सगळं त्यातच उरकायचं. मग गाडी टेम्पोत घालून गॅरेजला जाते आणि फिटर म्हणेल त्याला आपण मान डोलावतो. त्या घाईत मी ७,४०० रुपये मोजले. पुढच्या सुट्टीला येणाऱ्या पोरांचं तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी अण्णांची. हिरो होंडा स्प्लेंडर, २००३ सालची. अण्णांना गुडघ्यांमुळे आता किक मारवत नाही, त्यामुळे मी नसलो की ती उभीच असते. गेल्या मे महिन्यात ड्युटीवर गेलो तेव्हा टाकीत निम्मं पेट्रोल होतं आणि पेट्रोलचा कॉक चालूच राहिला होता. सगळा पावसाळा गाडी तशीच उभी राहिली. यंदा एप्रिलमध्ये जत्रेला आलो. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी) ओढून किक मारली की गाडी दोन-चार सेकंद धडधडायची, चोक खाली केला की बंद. या लक्षणाचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गाडी साताऱ्यात नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही. फिटरनं दोन किका मारल्या, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "फौजीसाहेब, इंजिन धरलंय. वर्षभर उभी होती ना? पिस्टनला गंज चढला. बोअर-पिस्टन करावं लागणार." म्हणजे इंजिन उघडून सिलिंडर-पिस्टनचं काम.

"किती होतील?"

"सगळं मिळून ७,९००. बिल नको असेल आणि रोख दिलेत तर पाचशे कमी करतो. सुट्टी किती दिवस आहे?"

मी सांगून टाकलं, सतरा दिवस. हा आकडा सांगायला नको होता. माझ्याकडे दुसरीकडे चौकशी करायला वेळ नाही, हे त्याला तिथंच समजलं. तीन हजार आगाऊ दिले. "इथं थांबून काय करता, जत्रा आहे ना तुमची, परवा या," असं म्हणून त्यानं मला घालवलं.

परवा गेलो तर गाडी एका किकेत चालू. त्यानं फडक्यात गुंडाळलेला काळा, ओरखडे पडलेला पिस्टन हातावर ठेवला. "हा बघा तुमचा जुना." मला वाईट वाटलं, अण्णांच्या गाडीचे आपण हाल केले असं वाटलं. उरलेले पैसे देऊन, पिस्टन डिकीत टाकून घरी आलो.

नवव्या दिवशी गाडी पुन्हा तशीच. चोकवर चालू, चोक काढला की बंद.

आमच्या शेजारच्या वाडीत ईएमईमधून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले एक हवालदार काका आहेत. फौजेतल्या गाड्यांवर त्यांची नोकरी गेली. ते आले, गाडीला हातही न लावता पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग मला खाली बसवून हेडवरचे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे, नट दाखवले. धूळ आणि तेलाचा थर त्यांच्यावर वाळून घट्ट बसला होता. पाना लागला की नटाचे कोपरे चमकतात, इथं एकही कोपरा चमकत नव्हता. "हेड काढायचं तर आधी सायलेन्सर सोडावा लागतो," असं म्हणून त्यांनी सायलेन्सरच्या नटांवर नख फिरवलं. गंजाचा पापुद्रा अखंड. मग ऑइलची पट्टी काढली. ऑइल काळंकुट्ट, माझ्या गेल्या वर्षीच्या सुट्टीतलं. नवा पिस्टन टाकून जुनं ऑइल तसंच ठेवणारा फिटर कुठं असतो का?

शेवटी मी डिकीतला पिस्टन दिला. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर लावला. स्प्लेंडरचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर असतं आणि हातातला पिस्टन जवळजवळ ५७ मिलिमीटरचा होता. दुसऱ्याच मोठ्या गाडीचा. आमच्या सिलिंडरमध्ये तो शिरलाच नसता.

त्या फिटरनं केलं होतं ते एवढंच: कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) काढून हवा मारली आणि परत बसवला. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. टाकीतलं जुनं पेट्रोल काढायचे कष्टही घेतले नाहीत, म्हणून नऊ दिवसांत पुन्हा चोंदला.

काकांनी कार्बोरेटर आमच्या अंगणात, चुलीपासून लांब, माझ्यासमोर उघडला. खालच्या वाटीत तपकिरी, चिकट साय धरली होती आणि तळाशी टाकीतल्या गंजाची लालसर भुकटी. वास पेट्रोलचा नव्हता, जुन्या व्हार्निशसारखा होता. पितळेचा एक बारका तुकडा त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं काढून माझ्या हातात दिला. हा पायलट जेट. "सूर्याकडे धर आणि बघ." काही दिसलं नाही. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि गाडी जागेवर चालते ती त्या भोकातून येणाऱ्या पेट्रोलवर. क्लीनरचा फवारा, थोडा वेळ भिजत ठेवणं, मग हवा. आतला मळ सुटेना तेव्हा वायरीतली तांब्याची एकच बारीक तार हलक्या हातानं फिरवली. सुई किंवा स्टीलची तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. पुन्हा सूर्याकडे धरला तेव्हा सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला. माझ्या ७,४०० रुपयांचं दुखणं एवढंच होतं.

पेट्रोल उभं राहिलं की त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि जड, चिकट भाग मागे राहतो. वाटीत पेट्रोल थोडंसंच असतं, त्यामुळे तिथं हे लवकर होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच सातारा-सांगलीच्या ऊस पट्ट्यात तेही तयार होतं, त्याला माझा विरोध नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, लोखंडी टाकी आतून गंजते आणि जुन्या गाड्यांची रबरं फुगतात. आमच्याकडचा पावसाळा आणि निम्मी रिकामी टाकी, दोन्ही एकत्र आलं की आणखी काही लागत नाही.

चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, याचा अर्थ बहुतेक वेळा पायलट जेट चोंदला, इंजिन गेलं असा नाही. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत राहिलं तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) अडकली किंवा झिजली. इंजिन खरंच धरलं असेल तर किक खालीच जात नाही. माझी किक व्यवस्थित दाब देत खाली जात होती, गाडी दोन-चार सेकंद चालतही होती. धरलेलं इंजिन दोन सेकंदसुद्धा चालत नाही. हे मी त्या फिटरला विचारायला हवं होतं.

त्यामुळे उभी राहिलेली गाडी नेलीत तर आधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून, साफ करून, ताजं पेट्रोल टाकून बघा असं सांगा, आणि तिथंच थांबा. तासाभराचं काम आहे. त्याआधीच कोणी इंजिन उघडायची भाषा केली तर गाडी परत टेम्पोत घाला. उघडणारच असतील तर हेडच्या नटांचा आणि कार्बोरेटरचा फोटो आधी काढून ठेवा. कार्बोरेटरवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, ते फोटोत यायला हवं. माझ्या मावसभावाचा मूळ कार्बोरेटर असाच सर्व्हिसिंगमध्ये बदलला गेला, हे त्याला सहा महिन्यांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी पिस्टन घेऊन गेलो. आधी फिटर चढ्या आवाजात बोलला, मग "पोराकडून दुसरा पिस्टन दिला गेला" म्हणाला. "चला, माझ्यासमोर हेड खोला, आत नवा पिस्टन दाखवा" म्हटल्यावर गप्प झाला. दोन हजार परत दिले. उरलेले ५,४०० गेले. पक्कं बिल नव्हतं, पैसे रोख दिलेले, सुट्टीचे चार दिवस राहिलेले. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तिथं दाखवायला कागद लागतो, आणि पाचशे रुपये वाचवण्यासाठी मी तोच सोडला होता.

निघायच्या आधी काकांनी गाडी ठेवायची रीत अण्णांना दाखवली. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत ओली हवा राहायला जागा नाही. कॉक बंद करायचा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. मग वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं काढायचं. बॅटरीची वायर सोडायची. शेजारच्या पोराला दर पंधरवड्याला पाच-सहा किलोमीटर फिरवून आणायला सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर कॉक, ड्रेन, सगळं पुन्हा तसंच करायचं. नुसती जागेवर दोन मिनिटं चालू करून उपयोग नाही.

रविवारी अण्णांचा फोन आला. गाडी फिरवून आणली, कॉक बंद केला, खाली काचेची बाटली धरली. "किती निघालं?" मी विचारलं. "चमचाभर," अण्णा म्हणाले, "पण स्वच्छ होतं रे."