आठ महिने, एक ग्रिड पोर्टल आणि नसलेला एक रकाना

पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर पाचांत एक तारा दिला असता, तोही लॉगिनचं पान नीटनेटकं आहे म्हणून. आज आठ महिने झालेत. तारे वाढलेत, वैताग मात्र तेवढाच आहे. ग्रिड म्हणजे वेगवेगळ्या संस्थांचे संगणक जोडून केलेलं जाळं, आणि पोर्टल म्हणजे त्यावर काम पाठवायचं संकेतस्थळ. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागची यंत्रणा सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखीच असते, त्यामुळे वापरणाऱ्यांना अर्थ लागेलच.

माझं काम मॉन्टाज या चित्रं जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं. टू-मास सर्वेक्षणातले आकाशाचे तुकडे घ्यायचे आणि जोडून एक मोठं चित्र, म्हणजे मोझेक, करायचं. एमप्रोजेक्ट प्रत्येक तुकडा एका प्रक्षेपणात बसवतं, एमडिफफिट एकमेकांवर येणाऱ्या दोन तुकड्यांतला फरक काढतं, एमबीजीमॉडेल सगळ्यांच्या पार्श्वभूमीचा एकत्र हिशोब लावतं, शेवटी एमॲड सगळं जोडतं. नऊशे तुकडे घेतले की जॉब, म्हणजे संगणकाला दिलेली सुटी कामं, चार हजारांच्या वर जातात. पेगॅसस हे सॉफ्टवेअर या साखळीचा, म्हणजे वर्कफ्लोचा, आराखडा करतं, आणि एचटीकॉन्डॉर या जॉब चालवणाऱ्या यंत्रणेतला डॅगमॅन नावाचा प्रोग्राम तो क्रमानं चालवतो. हे सगळं पोर्टलवर तीन क्लिकमध्ये होतं आणि ते खरोखर चांगलं आहे.

प्रॉक्सीची, म्हणजे ग्रिडवरच्या तात्पुरत्या ओळखपत्राची, कटकट वापरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. बारा तासांची प्रॉक्सी आणि चौदा तासांचा वर्कफ्लो, यांचं जमायचं कसं? मायप्रॉक्सी या सर्व्हरवर जास्त मुदतीचं ओळखपत्र एकदा ठेवून दिलं की पोर्टल स्वतः नवी काढत राहतं. दोनदा फसले, तिसऱ्यांदा शिकले. पुढे.

आता मुद्द्याचं. 'उपलब्ध साधनं' नावाचं पान. साइटचं, म्हणजे संगणक पुरवणाऱ्या केंद्राचं, नाव, हिरवा किंवा लाल ठिपका, मोकळे कोअर (प्रोसेसर), रांगेत थांबलेले जॉब. जिथे रांग सर्वांत लहान ती साइट सर्वांत वर, आणि 'आपोआप निवडा' ठेवलं तर पोर्टल वरूनच उचलतं. या यादीत ही माहिती कधीची आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. मागे बीडीआयआय आहे, म्हणजे साइटच्या माहितीची डिरेक्टरी, एलडॅप पद्धतीनं वाचता येणारी. साइट आपली माहिती सांगते, वरची डिरेक्टरी ती गोळा करते, पोर्टल आपल्या सोयीनं वाचतं. प्रत्येक पायरीवर काही मिनिटं जातात. दुसऱ्याच आठवड्यात एक साइट पूर्ण बंद पडली होती आणि तिचा ठिपका पाऊण तास हिरवागार होता. तेवढ्या वेळात माझे तुकडे तिकडे रवाना होत होते. रेल्वेच्या साध्या फलकावरही वेळ असते हो! एक रकाना, 'शेवटची नोंद', एवढंच मागत होते.

मग ती रात्र आली. संध्याकाळी नऊशे तुकड्यांचा वर्कफ्लो सोडला, झोपण्यापूर्वी पाहिलं तर ६१३ एमप्रोजेक्ट पूर्ण. सकाळी उठून पाहते तो उरलेले सगळे २८७ लाल. लॉग उघडला. प्रत्येक जॉब नऊ सेकंदांत मेलेला, एक्झिट कोड १२७. म्हणजे प्रोग्रामच सापडला नाही. एका साइटवरच्या एका नोडचं, म्हणजे तिथल्या एका संगणकाचं, सीव्हीएमएफएस निखळलं होतं. ही नेटवर्कवरून सॉफ्टवेअर पुरवणारी यंत्रणा, आणि आमची सॉफ्टवेअर तिथूनच येतात. बाकीचे नोड भरलेले आणि हा एकटा सतत मोकळा, कारण याच्याकडे आलेला जॉब नऊ सेकंदांत मरतो आणि जागा रिकामी करतो. साइटची रांग शून्य, म्हणून यादीत पहिला नंबर, म्हणून पुढचा जॉबही तिथेच. ग्रिडवाले याला कृष्णविवर म्हणतात. आकाशाची चित्रं जोडणाऱ्या बाईला भेटावं तर हेच!

मी 'रीट्राय ३' लिहिलं होतं, म्हणजे फसलं तर आणखी तीनदा प्रयत्न, तेही फुकट गेलं. मेलेला जॉब डॅगमॅननं लगेच पुन्हा पाठवला, पोर्टलनं पुन्हा सर्वांत मोकळी साइट शोधली, पुन्हा तोच खड्डा. चार प्रयत्न मिनिटाच्या आसपास संपले.

आणि याचे पैसे लावले! म्हणजे कोअर-तास, एक कोअर एक तास चालला की एक. आमच्या गटाला वर्षाचा कोटा मिळतो आणि मी हिशोबी आहे, वही ठेवते. पोर्टलचा नियम असा की जॉब कितीही छोटा असो, किमान पाव तास धरायचा. २८७ जॉब, प्रत्येकी चार प्रयत्न, ११४८ वेळा पाव तास. २८७ कोअर-तास खात्यातून गेले. यंत्र प्रत्यक्षात चाललं होतं तीन तासांहून कमी. चित्रातला एक पिक्सेलही त्यातून निघाला नाही.

हेल्पडेस्कला टिकीट टाकलं. उत्तर आलं, 'मॅडम, सदर साइट हिरवी दिसत आहे. टिकीट बंद करत आहोत.' दुसरं टिकीट टाकलं, त्यात नोडचं नाव, वेळ, एक्झिट कोड आणि शेवटी रकान्याची मागणी. ते 'सूचना' या वर्गात गेलं. तिथे काय जातं ते सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या टिकिटानंतर नोड बाजूला काढला, तास मात्र परत आले नाहीत.

त्याच सकाळी एका गोष्टीनं मला गप्प केलं. वैतागून सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवायचं म्हणून बटण दाबलं, तर ६१३ तुकड्यांना हातच लागला नाही. डॅगमॅननं जाता जाता 'रेस्क्यू००१' नावाची फाइल लिहून ठेवली होती, त्यात काय काय पूर्ण झालं त्याची नोंद. पुन्हा सोडलं की तो ती फाइल स्वतः शोधतो आणि तिथून पुढे चालू लागतो. ज्या तुकड्यांचे शेजारी पूर्ण होते त्यांचे एमडिफफिटसुद्धा रात्रीतच उरकले होते. दुपारच्या आत चित्र तयार. हे बघून मी दोन तारे वाढवले.

आमच्या गटातल्या पोस्टडॉकला हे सगळं रंगवून सांगितलं, रकान्याच्या मागणीसकट. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तो शून्य शिळा नव्हता. ताजाच होता. तुमचा रकाना असता तर त्यात आत्ताचीच वेळ दिसली असती." बरोबर आहे. यादी खोटं बोलत नव्हती. रांग खरंच शून्य होती, कारण सगळे खरंच मरत होते. चूक माझीही होती. जॉबच्या आधी चालणाऱ्या प्री-स्क्रिप्टला पुनर्प्रयत्नाच्या फेरीचा आकडा देता येतो, आणि तो शून्याहून मोठा असेल तर दहा मिनिटं थांब, एवढी एक ओळ पुरली असती. तीही मी घातली नव्हती. तरी रकाना हवाच. ती बंद पडलेली साइट मी विसरलेले नाही.

या वादातून मी एलडॅपमध्ये स्वतः डोकावू लागले. पोर्टल जे दाखवतं त्याच्या मागचा कच्चा माल २१७० पोर्टवर विचारला की मिळतो. यादीच्या अगदी तळाशी एक मोठी साइट होती, जिच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. थांबलेले जॉब: ४४४४४४. सहा चौके. एवढी रांग कुणाकडे असते? आणि अंदाजे लागणारा वेळ २१४६६६०८४२ सेकंद, म्हणजे अडुसष्ट वर्षं.

जुन्या लोकांना हा आकडा बघून हसू येईल. ती रांग नसतेच. साइटच्या माहितीत आधीपासून हा बेतुका आकडा भरून ठेवलेला असतो. स्थानिक रांगेला विचारून खरा आकडा आणणारा प्रोग्राम त्यावर लिहितो. तो प्रोग्राम बिघडला तर सहा चौके तसेच राहतात आणि त्या साइटकडे कुणी फिरकत नाही. बेत चांगला आहे, ज्या साइटला आपली अवस्था सांगता येत नाही तिच्याकडे काम जाऊ नये. पण इथे बिघडला होता तो फक्त सांगणारा. साइट ठणठणीत होती. एक चाचणीचा जॉब हातानं पाठवला, दोन मिनिटांत सुरू झाला. शंभर पाठवले, शंभरही सुरू.

सहाव्या महिन्यात पोर्टलनं पायलटची सोय दिली. आता माझा जॉब आधी जातच नाही. आधी पायलट नोडवर जातो, सीव्हीएमएफएस आहे का, डिस्कवर जागा आहे का ते बघतो, आणि ठीक असेल तरच मध्यवर्ती रांगेतून काम ओढून घेतो. आधी घर बघून यायचं, मग सामान हलवायचं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या ॲटलास प्रयोगाचं पांडा आणि एलएचसीबी प्रयोगाचं डिराक वर्षानुवर्षं असंच चालतं, त्यामुळे यात नवल काही नाही, उशीर तेवढा आहे. तेव्हापासून माझा एकही जॉब खड्ड्यात पडलेला नाही. खराब नोडवर पायलट मरतो, त्याचा हिशोब माझ्या खात्यात लागत नाही. आणखी एक तारा. चार झाले. पाचवा रकान्यासाठी राखून ठेवला आहे. तो ज्या कामासाठी हवा होता त्यातलं निम्मं आता पायलटच करतो, हे मला कळतं, कुणी सांगायला नको.

सहा चौक्यांवर मात्र मी टिकीट टाकलं नाही. तीन टिकिटं टाकणारी बाई या एका बाबतीत गप्प बसली. चार महिने माझा प्रत्येक वर्कफ्लो साइटच्या यादीत ते एकच नाव घालून गेला, आणि एकाही जॉबला पाच मिनिटांवर थांबावं लागलं नाही. पोस्टडॉक दोनदा म्हणाला की कळवायला हवं. मी म्हटलं, कळवू, हा मोझेक होऊ दे.

गेल्या सोमवारी यादी उघडली तर ती साइट वरून तिसरी. कुणीतरी तो प्रोग्राम दुरुस्त केला होता. रांग शून्य, हिरवा ठिपका, शेजारी अर्थातच वेळ नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तेव्हा रांगेत २३१० जॉब होते. माझे त्यात नऊशे.